पित्ताची गोळी आणि तोंडचं पाणी

आमच्याकडे बाबांची सकाळ चहाआधी पित्ताच्या गोळीने सुरू व्हायची. सात-आठ वर्षं. मूळची चिठ्ठी किती दिवसांसाठी होती कोण जाणे, चिठ्ठी हरवली आणि गोळी राहिली.

मुळात 'पित्त झालंय' म्हणताना आपण भलत्यालाच दोष देतो. (आयुर्वेदातलं पित्त वेगळं, त्यात मी शिरत नाही.) पित्तरस यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि जठराच्या पुढे लहान आतड्यात उतरतो. तो कडूजहर. घशाशी येतं ते आंबट पाणी म्हणजे जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल. त्याची जागा जठरात, अन्ननलिकेत नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

बाकी ते कामाचं आहे. रोज साधारण 2 लिटर जठररस पाझरतो. आम्ल असेल तरच पेप्सिन नावाचं पाचक द्रव्य जागं होतं आणि प्रथिनं फोडायला लागतं. अन्नातलं बी-12 जीवनसत्त्व सुटं होतं तेही आम्लामुळेच. गेल्या वर्षी बाबांचं बी-12 कमी आलं तेव्हा डॉक्टरांनी आधी गोळीचंच विचारलं. आम्ही शाकाहारी, त्यामुळे सगळं खापर गोळीवर फोडत नाही. पण वर्षानुवर्षं आम्ल दाबून ठेवलं की बी-12 घटू शकतं, हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं.

हे पोटातलं कळलं कसं, तीही गंमतच. 1822 साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण पोटावरचं भोक बुजलंच नाही. डॉ. विल्यम बोमाँट रेशमी दोऱ्याला मांसाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडायचे आणि थोड्या वेळाने ओढून बघायचे. 1833 साली त्यांनी हे सगळं पुस्तकात छापलं. गडी चिडला की पचन बिघडतं, हेही त्यांनी टिपलं. आता पोटात दोरा सोडून बसल्यावर माणूस चिडणार नाही तर काय!

मला मात्र खरं कौतुक लाळेचं वाटतं. दिवसाला 1 ते 1.5 लिटर, तेही फुकट. भाकरीचा घास चावत राहिलं की गोडसर लागतो, कारण लाळेतलं अमायलेज पिठूळ भागाची साखर करायला तोंडातच सुरुवात करतं. शिवाय लाळेत बायकार्बोनेट असतं. वर आलेलं आम्ल आपण गिळलेल्या लाळेनेच धुतलं जातं. झोपेत मात्र लाळ जवळजवळ आटते. म्हणजे साडेदहाला मालिका बघत चार घासांत ताट संपवायचं आणि अकराला आडवं व्हायचं, यात आम्लाला वर यायला वाट मोकळी आणि धुवायला कुणी नाही.

अल्सरवाल्यांनी किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्यांनी गोळी घ्यावीच. बाबांचीही डॉक्टरांनीच हळूहळू कमी केली, आपल्या मनाने नाही. माझा राग आहे तो गोळ्या शेंगदाण्यांसारख्या तोंडात टाकण्यावर.

बाबा आता साडेसातला जेवतात. साडेनऊला स्वयंपाकघरात डबे वाजतात, आणि आई आतून ओरडते, "चिवडा संपलाय!"