‘दहा मिनिटांत संगणक नव्यासारखा’ : फिरणाऱ्या निरोपातील आठ उपायांविषयी

गेल्या काही महिन्यांत सांगलीतल्या निदान चार व्हॉट्सॲप गटांवरून एकच निरोप माझ्याकडे आला आहे; त्यांतील एक गट सोसायटीचा, एक जुन्या वर्गमित्रांचा आणि उरलेल्या दोन गटांत मी कसा पोहोचलो हे मलाही आठवत नाही. ‘संगणक स्लो झालाय? दुकानदाराला पैसे देऊ नका, दहा मिनिटांत नव्यासारखा करा’ असे त्याचे शीर्षक असून खाली आठ उपाय दिले आहेत : प्रीफेच आणि टेंप ही फोल्डरे रोज रिकामी करा, डेस्कटॉपवर एफ-५ दाबत राहा, एमएसकॉन्फिगमध्ये प्रोसेसरची संख्या वाढवा, दर आठवड्याला डीफ्रॅग करा, पेनड्राइव्हची रॅम बनवा, रजिस्ट्री आणि रॅम साफ करणारे सॉफ्टवेअर टाका, अपडेट व अँटिव्हायरस बंद ठेवा, आणि एवढ्यानेही भागले नाही तर दर सहा महिन्यांनी फॉरमॅट मारा. माझा व्यवसाय संगणक दुरुस्तीचाच असल्यामुळे पहिल्या वाक्याला मी विरोध करणारच, असे कोणी म्हणेल. म्हणून आधीच सांगतो की पुढे लिहिलेल्या बहुतेक गोष्टी वाचकाला स्वतःच्या संगणकावर, एक रुपयाही न खर्चता, पडताळून पाहता येतील.

संगणक संथ आहे म्हणजे त्यातले नेमके काय अडले आहे, हा प्रश्न या निरोपात कोठेही विचारलेला नाही. विश्रामबागेतील एक निवृत्त शिक्षक आपला लॅपटॉप घेऊन आले होते. तीन आठवडे त्यांनी हा निरोप छापील कागदावर उतरवून, एकेका उपायापुढे बरोबरची खूण करत, निष्ठेने पाळला होता. मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, तेव्हा सीपीयूपुढे ७ टक्के, मेमरीपुढे ४८ टक्के आणि डिस्कपुढे लाल रंगात १०० टक्के असे आकडे दिसले. सर म्हणाले, ‘शंभर टक्के म्हणजे चांगलंच की ओ!’ परीक्षेत ते चांगले असते; येथे मात्र त्याचा अर्थ असा की प्रोसेसर रिकामा बसला आहे, रॅममध्ये, म्हणजे चालू कामाची माहिती धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीत, जागा आहे, आणि दोघेही हार्ड डिस्ककडून माहिती येण्याची वाट पाहत आहेत. त्याच खिडकीत परफॉर्मन्स या भागात डिस्कवर क्लिक केले की प्रत्येक मागणीला उत्तर मिळायला सरासरी किती मिलिसेकंद लागतात तो आकडा दिसतो. सरांच्या लॅपटॉपवर तो काहीशेंच्या घरात होता.

याचे कारण यांत्रिक आहे. लॅपटॉपमधील जुनी हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे तबकडीच्या एका फेरीला ११ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. त्याआधी वाचणारी सुई योग्य वर्तुळावर सरकायला आणखी काही मिलिसेकंद जातात. त्यामुळे तबकडीवर इकडेतिकडे विखुरलेल्या लहान फाइली वाचायच्या असतील तर अशी डिस्क सेकंदाला शंभरही मागण्या पुऱ्या करू शकत नाही, आणि विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली वाचते. एसएसडी म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर माहिती साठवणारी डिस्क; तिच्यात फिरणारे काहीच नसल्यामुळे साधी, साटा केबलवर चालणारी एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारो मागण्या उरकते. आठ-दहा वर्षांच्या घरगुती संगणकात हार्ड डिस्क असेल, तर निरोपातील आठही उपाय मिळून जेवढा फरक पाडणार नाहीत तेवढा तिच्या जागी एसएसडी बसवण्याचा हा एक बदल पाडतो. डेस्कटॉप संगणकात जुन्याच दोन केबली एसएसडीला लागतात, आणि स्क्रूड्रायव्हर हातात धरता येणाऱ्याला हे काम घरीही करता येते. दुकानदाराला पैसे देऊ नका म्हणणाऱ्याने खरे तर हे लिहायला हवे होते.

आता उपायांकडे वळतो. प्रीफेच हे फोल्डर विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून आहे. एखादा प्रोग्राम सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत कोणकोणत्या फाइली लागतात याची टिपणे विंडोज तेथे ठेवते आणि पुढच्या वेळी त्या फाइली आधीच गोळा करून ठेवते. स्वयंपाकाला बसण्यापूर्वी डबे हाताशी मांडून ठेवावेत, तसा हा प्रकार आहे. ही टिपणे पुसली की पुढची सुरुवात उलट मंदावते, आणि विंडोज ती पुन्हा लिहू लागते; रोज पुसणारा माणूस संगणकाला रोज पहिल्या दिवसावर आणून ठेवतो. शिवाय हे फोल्डर आपोआप छाटले जाते आणि त्याने व्यापलेली जागाही किरकोळ असते. प्रोग्रामांच्या तात्पुरत्या फाइली ठेवणाऱ्या टेंप फोल्डरची गोष्ट वेगळी आहे. त्यातील फाइली काढल्याने जागा मोकळी होते, वेग वाढत नाही. फक्त सी ड्राइव्हची पट्टी लाल होण्याइतकी जागा संपली असेल, तर मोकळ्या झालेल्या जागेचा वेगालाही उपयोग होतो, कारण विंडोजला तात्पुरत्या कामासाठी आणि अपडेटसाठी मोकळी जागा लागतेच. हे काम सेटिंग्जमधील स्टोरेज सेन्स आपोआप करू शकते.

एफ-५ विषयी फार लिहिण्यासारखे नाही. त्या कळीने डेस्कटॉपवरील चित्रे पुन्हा रेखाटली जातात, बाकी काही होत नाही. ती दाबण्याची सवय मलाही आहे, आणि तिचा उपयोग पेन हातात फिरवत बसण्याइतकाच आहे.

एमएसकॉन्फिग ही विंडोज कशी सुरू व्हावी ते ठरवणारी खिडकी आहे, आणि तिचा उपाय मात्र निरुपद्रवी नाही. विंडोज कोणी न सांगताही प्रोसेसरचे सर्व कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, वापरते. बूट या भागात ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’ पुढे जो चौकोन आहे तो संख्या वाढवण्यासाठी ठेवलेला नाही; चाचणी करणाऱ्याला मुद्दाम कमी कोअरवर संगणक चालवून पाहता यावा, यासाठी तो आहे. त्यावर खूण केली की शेजारी १ हा आकडा येतो, आणि घाईत ओके दाबणारा माणूस चार कोअरचा संगणक एका कोअरवर आणून ठेवतो. अशी दोन यंत्रे यंदा माझ्याकडे आली. त्याच खिडकीतील ‘मॅक्झिमम मेमरी’ला हात लावल्यास संगणक सुरूच न होण्यापर्यंत पाळी येऊ शकते. दोन्ही चौकोन रिकामे असणे हीच त्यांची योग्य स्थिती आहे.

डीफ्रॅगचा सल्ला एके काळी योग्य होता, हे मान्य करायला हवे. हार्ड डिस्कवर एकाच फाइलचे तुकडे दूरदूर पडले की सुईची धावपळ वाढते, आणि ते तुकडे सलग लावल्याने ती कमी होते. पण विंडोज व्हिस्टापासून हे काम ठरलेल्या वेळी आपोआप होते, त्यामुळे हाताने करण्यासारखे त्यात फारसे उरलेले नाही. एसएसडीला तर सुईच नसल्यामुळे तुकडे कोठेही असले तरी वाचायला लागणारा वेळ जवळजवळ सारखाच असतो, आणि तिच्या पेशींवर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असल्यामुळे सगळा माल विनाकारण हलवत राहणे म्हणजे तिचे आयुष्य खर्ची घालणे होय. विंडोज ८ पासून ‘ऑप्टिमाइझ’ हे बटण डिस्क कोणत्या जातीची आहे ते पाहून एसएसडीवर ट्रिम नावाचे वेगळे काम करते, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा आता मोकळी आहे असे डिस्कला कळवते. ते बटण दाबायला हरकत नाही. बाहेरून आणलेले डीफ्रॅगचे सॉफ्टवेअर एसएसडीवर चालवायला मात्र पक्की हरकत आहे.

पेनड्राइव्हची रॅम होत नाही. व्हिस्टाबरोबर रेडीबूस्ट नावाची सोय आली होती, तिची ही दंतकथा झाली आहे. त्या काळी ५१२ मेगाबाइट रॅम असलेले संगणक सर्रास होते, आणि हार्ड डिस्कवरील काही माहितीची प्रत पेनड्राइव्हवर ठेवल्यास लहान फाइली थोड्या लवकर मिळत, एवढाच तिचा दावा होता. यूएसबी २ वरील पेनड्राइव्ह प्रत्यक्षात सेकंदाला तीसेक मेगाबाइट माहिती देतो, तर २४०० या गतीची डीडीआर-४ रॅमची एक पट्टी कागदोपत्री १९ गिगाबाइटपर्यंत देऊ शकते. या दोघांना एका ओळीत बसवणे हा बैलगाडीला कोयना एक्सप्रेसचा डबा म्हणण्याचा प्रकार आहे.

रॅम साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरमागे एक गैरसमज आहे, आणि तो समजून घेतला तर पुष्कळ त्रास वाचतो. रॅम रिकामी असणे चांगले, असे आपल्याला वाटते, कारण कपाटाच्या बाबतीत ते खरे असते. विंडोज मात्र उरलेल्या रॅममध्ये नुकत्याच वापरलेल्या फाइली ठेवून देते आणि गरज पडताच ती जागा तत्काळ सोडते. ‘बूस्टर’ हे सर्व एका झटक्यात बाहेर ढकलतो, पडद्यावर मोठा हिरवा आकडा दाखवतो, आणि पुढच्याच मिनिटाला तीच माहिती संथ डिस्कवरून परत आणावी लागते. मेमरी सतत ९० टक्क्यांवर असेल तर खरी रॅम वाढवावी; पण त्याआधी सेटिंग्जमध्ये सिस्टीमच्या माहितीत विंडोज ३२-बिट आहे की ६४-बिट ते पाहावे, कारण घरगुती ३२-बिट विंडोजला ४ गिगाबाइटच्या पुढची रॅम वापरताच येत नाही. ८ गिगाबाइटची पट्टी बसवून ‘काहीच फरक नाही’ म्हणत परत आलेले गिऱ्हाइक मी पाहिले आहे. रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रामांच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतील, शिळ्या नोंदींचा वेगाशी संबंध नगण्य आहे, आणि अशा सफाईच्या सॉफ्टवेअरला आपला पाठिंबा नाही, अशी मायक्रोसॉफ्टची जाहीर भूमिका आहे. फुकट मिळणारे असे बरेच क्लीनर स्वतःच स्टार्टअपमध्ये, म्हणजे संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीत, जाऊन बसतात, ही त्यातील गंमत.

सातव्या उपायात अर्धे सत्य आहे, म्हणूनच तो सर्वांत धोक्याचा आहे. हार्ड डिस्कच्या संगणकावर अपडेट उतरत असताना किंवा अँटिव्हायरस तपासणी करत असताना पहिली पंधरा-वीस मिनिटे काही सुचू देत नाहीत, हे खरे आहे. परंतु १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरातील संगणक कुलूपबंद केले, तेव्हा ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, जवळजवळ दोन महिने आधी दिलेले होते. अपडेट बंद ठेवण्याऐवजी ‘ॲक्टिव्ह अवर्स’, म्हणजे अपडेटसाठी संगणक आपोआप रीस्टार्ट होऊ नये अशा आपल्या कामाच्या वेळा, ठरवून द्यावेत. दोन अँटिव्हायरस असतील तर मात्र एक जरूर काढावा. ते एकमेकांचीच झडती घेत बसतात. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि घरगुती वापरकर्त्यांसाठीची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे, हेही अशा संगणकाच्या मालकाने ध्यानात ठेवावे.

निरोपात नसलेल्या दोन गोष्टी येथे नोंदवतो, कारण सांगलीत त्या वारंवार आढळतात. पहिली उष्णतेची. मार्केट यार्डातील एका अडत दुकानातला संगणक सुरू केल्यावर दहा मिनिटे उत्तम चाले आणि मग रांगू लागे. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग आधी ३ गिगाहर्ट्झच्या वर होता, तो पाहता पाहता १ च्या खाली आला. झाकण उघडले तर पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत पिवळ्या धुळीचा नमद्यासारखा जाड थर बसला होता आणि खोलीभर हळदीचा वास सुटला. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली हळद तिने कोठे बसू नये याची पर्वा करत नाही. तापमान शंभर अंशांच्या जवळ गेले की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करतो. तेव्हा मऊ ब्रश, हवेचा झोत आणि प्रोसेसरची उष्णता पात्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या, सुकलेल्या थर्मल पेस्टच्या जागी नवी पेस्ट, एवढाच त्यावर इलाज होता. कारखान्यांच्या हंगामात चिमणीची काजळी घरात येते त्या भागांतही हेच घडते.

दुसरी गोष्ट बंद करण्याची. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. त्यामुळे रोज रात्री संगणक बंद करणाऱ्याच्या टास्क मॅनेजरमध्येही ‘अप टाइम’पुढे वीस-वीस दिवस दिसतात. खरी नवी सुरुवात रीस्टार्टने होते, आणि ती आठवड्यातून एकदा करावी.

राहिले फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणे. त्यानंतर काही दिवस संगणक हलका वाटतो, कारण स्टार्टअपमध्ये साचलेले प्रोग्राम गेलेले असतात. ते टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागातून पाच मिनिटांत बंद करता येतात, आणि त्यासाठी टॅलीचा डेटा, डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर आणि जुने मराठी फाँट यांवर पाणी सोडावे लागत नाही. डिस्क मरायला टेकलेली असेल तर फॉरमॅटने तिच्यावर उलट ताण येतो. सरांच्या लॅपटॉपची डिस्क मी तपासली तेव्हा तिच्या स्वतःच्या नोंदवहीत बदललेल्या आणि वाचता न येणाऱ्या सेक्टरांची, म्हणजे माहितीच्या लहान कप्प्यांची, संख्या शून्याहून बरीच वर गेलेली होती, आणि कान लावला तर मधूनमधून ‘टक्’ असा आवाज येत होता. त्यांच्या कागदावर आठव्या उपायापुढे अजून खूण नव्हती. आधी नातवाच्या बारशापासूनचे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले. त्याला रात्रीचे अकरा वाजले. एसएसडी दुसऱ्या दिवशी बसवली.