काय हरवलंय?

पिसाचा मनासारखा फोटो काढायचा तर जमिनीवर पालथं पडावं लागतं. आणि धडधाकट बाई बागेतल्या वाटेवर पालथी पडली, तर तिला सुखाने पडू देत नाहीत. परवाच अनुभव घेतला. राग अजून उतरलेला नाही, तेव्हा थोडं कमीजास्त बोलले तर समजून घ्या.

पीस खंड्याचं होतं. बोटाच्या पेराएवढं, निळं, आणि त्यावर दव. पिसावर पाणी पसरत नाही, थेंबाथेंबाने उभं राहतं. घरी फवारणी करून असे थेंब पाडता येतात, पण ते कवायतीला उभे केल्यासारखे दिसतात. शिवाय पिसं घरी नेण्यावर सध्या बंदी आहे. पिसांतले बारीक किडे मरावेत म्हणून ती बंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायची असतात, संग्रहालयंही कीड मारायला असा गारठा वापरतात. पण माझं घर म्हणजे संग्रहालय नाही, असं मला एकदा फ्रीजर उघडा धरून बजावण्यात आलं आहे.

तर, मी आडवी झाले. मॅक्रो लेन्स लावून इतकं जवळ गेलं की जेमतेम मिलिमीटरभर भाग स्पष्ट दिसतो, पुढचा-मागचा सगळा धूसर. म्हणून कॅमेरा केसभर पुढे सरकवत वीस-तीस फोटो घ्यायचे आणि मग संगणकावर प्रत्येकातला स्पष्ट भाग तेवढा उचलून एकच फोटो रचायचा. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. हे सगळं होईपर्यंत पिसाने हलायचं नाही, वाऱ्याने यायचं नाही आणि आपण श्वास मान फिरवून सोडायचा. वारा अडवायला छत्री लावली होती, उजेड मऊ करायला ट्रेसिंग पेपर धरला होता. निम्मे फोटो झाले असतील, तेवढ्यात पिसापलीकडे दोन बूट आणि एक काठी येऊन थांबली.

"काय हरवलंय?"

"काही नाही, काका."

"मग शोधताय काय?"

"शोधत नाहीये. फोटो काढतेय."

"कशाचा?"

"पिसाचा."

काकांनी पिसाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज एकदम खाली आणला. "कानातलं आहे का?"

"नाही हो."

"लाजू नका. आमच्या हिचंही असंच पडलं होतं. घरी कळायच्या आत सापडलेलं बरं. सोन्याचं का?"

"काका, खरंच काही हरवलेलं नाही."

"म्हणजे सोन्याचंच," काका म्हणाले. हे मात्र त्यांनी सगळ्या बागेला ऐकू जाईल असं म्हटलं.

फिरायला आलेल्या दोघी थांबल्या. एकीला मला चक्कर आली आहे असं वाटत होतं. "चक्कर नाही, कानातलं," काकांनी दुरुस्ती केली. दुसरीने वाकून माझे कान तपासले. दोन्ही कानांत कुड्या जागच्या जागी होत्या, आणि तिने तसं जाहीर केलं. मला वाटलं, सुटले. काका जराही डगमगले नाहीत. "मग अंगठी असेल," म्हणाले, आणि कामाला लागले.

माणूस मूळचा कुठल्या खात्यातला होता कोण जाणे, पण वाटेचे भाग पाडून त्यांनी माणसं नेमली. तुम्ही त्या कडेने या, तुम्ही गवतात बघा, पाय उचलून टाका, फरफटू नका. एक धावणारा मुलगासुद्धा कानातले इअरफोन काढून सामील झाला. मी "अहो, पीस!" म्हणून ओरडत होते आणि प्रत्येक जण मला धीर देत होता. पालथ्या माणसाच्या बोलण्याला वजन नसतं, हे मला तिथे कळलं.

मग काका म्हणाले, "आधी हा कचरा बाजूला करू, म्हणजे जमीन नीट दिसेल." आणि त्यांनी पीस उचललं.

झटकून उचललं. दव गेलं. वर ते उलट्या दिशेने दोन बोटांतून ओढलं. पिसाच्या तंतूंना सूक्ष्म आकडे असतात, त्यांनी ते एकमेकांत अडकलेले असतात. बुडाकडून टोकाकडे बोट फिरवलं की विस्कटलेलं पीस पुन्हा जुळतं. काकांनी टोकाकडून बुडाकडे फिरवलं. मग ते उन्हासमोर धरून म्हणाले, "निळं-निळं म्हणत होतात ते हेच का? हे तर मातकट आहे!"

आता मातकट दिसणारच. खंड्याच्या पिसात निळा रंग घातलेला नसतोच मुळी. तंतूंच्या आतली अतिसूक्ष्म जाळी निळा प्रकाश तेवढा परत फेकते, म्हणून आपल्याला निळं दिसतं. मागून उजेड आला की ती गंमत संपते आणि आतली तपकिरी छटा उरते. मोरपिसाचा निळा-हिरवाही असाच, रचनेतून आलेला. हे सगळं मी गुडघ्यावर बसून, अंगाला माती लागलेली असताना, पोटतिडकीने समजावून सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे नकली," म्हणाले.

तेवढ्यात गवतातून "सापडलं!" अशी आरोळी आली. एक किल्ली होती. गंजलेली. मी म्हटलं, माझी नाही. "मग इतका वेळ आम्ही काय शोधत होतो?" काकांनी विचारलं, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, मीच त्यांना बोलावून घेतल्यासारखे.

मला खरी चीड कशाची आली सांगू? त्याच वाटेवर, दहा पावलांवर, एक पोरगा स्वतःच्या तोंडासमोर फोन धरून ओठांचे नाना आकार करत होता. मी येण्याआधीपासून. त्याला कोणीही विचारलं नाही, बाबा रे, तुझं काय हरवलंय? माणसाने माणसाचा फोटो काढला की तो छंद, पिसाचा, बियांचा, पतंगाच्या तुटक्या पंखाचा काढला की त्याला कारण द्यावं लागतं. वर "उपयोग काय?" हा प्रश्न आहेच. जर्मन चित्रकार ड्यूररने पाचशे वर्षांपूर्वी नीलपंख पक्ष्याचा एकच पंख जलरंगात असा काही रंगवला की तो आजही व्हिएन्नाच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. त्यालाही कोणीतरी विचारलंच असणार. अ‍ॅना अ‍ॅटकिन्सचं बरं होतं. 1843 पासून ही इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ समुद्रशेवाळं रसायन लावलेल्या कागदावर ठेवून उन्हात धरायची, पाण्याने धुतलं की निळ्या कागदावर पांढरी आकृती. पुढे तिने पिसांचेही असे ठसे घेतले. कॅमेरा नाही, पालथं पडणं नाही, काका नाहीत.

अमेरिकेत तर 1918 च्या एका कायद्याने बहुतेक देशी पक्ष्यांचं गळून पडलेलं पीससुद्धा परवानगीशिवाय जवळ बाळगता येत नाही. म्हणजे तिथे काकांना पकडलं असतं. हा कायदा मला एरवी फार कडक वाटायचा.

निघताना काकांनी नंबर दिला. "माझा आला असेल ना एखाद्यात? पाठवा."

घरी येऊन पाहिलं तर अर्धवट मालिकेतून पीस काही रचता येईना. एकच फोटो धड होता. त्यात पिसाच्या कडेवरचा एक थेंब लख्ख आलाय. थेंब भिंगाचं काम करतो, पलीकडचं दृश्य त्यात उलटं दिसतं. पलीकडे काका होते. काठीसकट, डोक्यावर उभे, अगदी रेखीव. नाइलाजाने सांगते, फोटो सुंदर आहे. मी तो पाठवला.

उत्तर लगेच आलं. "उलटा आलोय. सरळ करून पाठवा."

थेंब काही फिरवता येत नाही. मी अख्खा फोटोच फिरवला आणि पाठवला.

"आता छान. फक्त बाजूचं ते निळं पुसता येईल का?"