मालकीणबाईंना आत सोडू का?

नळ माझा. म्हणजे ज्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात तो गळतो तो फ्लॅट माझा. मिळकतकराच्या बिलावर नाव माझं, मेंटेनन्सच्या पावतीवर नाव माझं, कर्ज फिटल्यावर बँकेतून सोडवून आणलेले कागद माझ्या कपाटात. आणि परवा धायरीतल्या त्या सोसायटीच्या गेटवर प्लंबर आत गेला, मी बाहेर.

प्लंबर मीच बोलावला होता. माझ्याच मागोमाग स्कूटरवरून आला. पण भाडेकरूनं त्याचा पास मोबाइलवर आधीच काढून ठेवलेला. त्यानं सहा आकडे सांगितले, दांडा वर गेला, गडी आत. माझा पास काढायचं त्या मुलाला सुचलं नाही, आणि एव्हाना तो मीटिंगमध्ये बसला होता.

"कुणाकडं जायचंय मॅडम?" वॉचमननं विचारलं.

"माझ्याच फ्लॅटमध्ये. बी ५०३."

त्यानं मोबाइलवर बोट फिरवलं. "तिथं तर दुसरेच राहत्यात."

"हो, ते माझे भाडेकरू."

"मग तुम्ही कुठं राहता?"

"कोथरूडला."

"मग हितं काय काम?"

प्रश्न बिनतोड होता. मी म्हटलं, बाबा रे, मी मालकीण आहे. त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. डिलिव्हरी, कॅब, पाहुणे, घरकाम, इतर. "सांगा, ह्यात कशात टाकू? मालक असा पर्यायच न्हाई." शेवटी 'इतर'मध्ये टाकून त्यानं पाचव्या मजल्यावर विचारणा पाठवली. वर कुणी उचलेना. नियम म्हणजे नियम. वरून हो आल्याशिवाय आत नाही. भाडेकरूच्या घरात न विचारता शिरू नये हे मलाही कळतं हो. पण सकाळी सातला "आंटी, नळ गळतोय, तुम्ही स्वतः येऊन बघा ना" असा निरोप त्यानंच पाठवला होता!

गेटशेजारी बाकावर एक काका बसले होते. गुडघ्यावर पेपर, पायात मोजे, चेहऱ्यावर माजी सेक्रेटरीची कळा. इतका वेळ ते पेपराआडून सगळं ऐकत होते. आता पेपराची घडी झाली.

"बी ५०३ म्हणजे तुम्हीच का? मग तुमच्याशी बोलायचंच होतं. तुमच्यामुळे लिफ्ट झिजते."

"माझ्यामुळे? मला तर गेटमधूनही सोडत नाहीयेत."

"तुमच्या म्हणजे तुमच्या भाडेकरूंमुळे. मालक माणूस लिफ्टचं बटण कसं, जपून दाबतो. भाडेकरू तीन-तीनदा दाबतो. मी बघितलंय."

"अहो, पण बटण एकदा दाबलं काय नि तीनदा दाबलं काय, लिफ्ट येते एकदाच."

"झीज बटणाची होते ना!" ते विजयानं म्हणाले. "म्हणून भाड्याच्या दहा टक्के सोसायटीला मिळाले पाहिजेत, असं मी मीटिंगमध्ये मांडणार आहे."

इथे माझं रक्त तापलं, कारण या एका विषयावर माझा अभ्यास आहे. म्हटलं, काका, दहा टक्के हे भाड्याचे नसतात. सरकारनं २००१ सालीच ठरवून दिलंय: बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसला की सोसायटी लावते ते, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. महिन्याला दोनेकशे रुपये होतात आणि ते मी भरते.

"दोनशे रुपयांत बटण येतं का?"

"तुमचा फ्लॅट कुठला?" मी विषय बदलला.

"ए ३०२. मुलीच्या नावावर आहे. ती कॅनडात असते."

"मग तुमचं बिनभोगवटा शुल्क?"

"आम्हाला कसं लागेल? आम्ही नातेवाईक!" तेही नियमाला धरूनच होतं, म्हणून जास्त झोंबलं. मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण खरं सांगू? तुम्ही मालकीण वाटतच नाही. घरमालक कसा, हातात किल्ल्यांचा जुडगा, मागे माणूस. तुम्ही पिशवीत नळ घेऊन आलात."

पिशवीतून नळाची तोटी डोकावत होती खरी. प्लंबर आणतो तो नळ दुप्पट किमतीचा असतो म्हणून मी आप्पा बळवंत चौकाजवळून घेऊन आले होते. भाडं महिना तेरा हजार. मागे माणूस कुठून ठेवू?

लोकांच्या डोळ्यांपुढे घरमालक म्हटला की वाडा, झोपाळा आणि सोन्याची साखळी येते. प्रत्यक्षात त्या तेरा हजारांतून मेंटेनन्स जातो. महापालिकेचा कर जातो, तोही पूर्ण. कारण पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळणारी ४० टक्के सवलत घर भाड्यानं दिलं की हातची जाते. भाडेकरू बदलला की एजंट एक महिन्याचं भाडं घेतो. रंग वेगळा. आधीच्या जोडप्यानं भिंतीत इतके खिळे ठोकले होते की काय टांगलं असेल याचा आम्ही नवरा-बायको अजून विचार करतो. शेवटचं लाइट बिलही ठेवून गेले. डिपॉझिटमधून कापते म्हटल्यावर "आंटी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

कागदावर मात्र मी केवढी जबरदस्त आहे! १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम २४ आहे. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर ठरल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मागता येते. अर्थात सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून, तारखा घेऊन. कलम ५५ मात्र माझ्यावर वटारलेले डोळे आहेत: करार नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही, शिवाय उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं. एवढं असूनही सगळे करार अकराच महिन्यांचे करतात. अकरा महिने म्हणजे नोंदणी टळते, अशी जुनी समजूत. आपल्याकडे आता पाच महिन्यांचा केला तरी नोंदवावाच लागतो. एजंटला विचारलं तर म्हणाला, "ताई, पद्धत आहे." म्हणून दर अकरा महिन्यांनी तो अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो आणि भांडी घासून झिजलेला माझा अंगठा ते यंत्र ओळखत नाही. मी मीच आहे हे सिद्ध करायला एकदा कोमट पाण्यात अंगठा बुडवून बसले होते. मग पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवायची. भाडेकरूची. मी कोण, हे तिथेही कुणी विचारत नाही.

तर गेटवर हे असं चाललेलं असताना प्लंबर खाली आला.

"झालं मॅडम. वायसर गेला होता. नळाची गरज नव्हती."

"किती झाले?"

"वायसरचे वीस. व्हिजिटचे साडेतीनशे."

मी पैसे दिले. काका म्हणाले, "बघा, हा लिफ्टनंच उतरला."

त्याच संध्याकाळी मी सेक्रेटरींना कडक भाषेत मेसेज लिहिला: मी सोसायटीची सभासद आहे, सर्वसाधारण सभेत मत देते, पार्किंगच्या पत्र्याला पाच हजार दिलेत, मला कायमचा पास मिळालाच पाहिजे. उत्तर तत्परतेनं आलं. मालकांसाठी सोय नाही, पण 'घरकाम' या गटात नियमित पास देता येईल. पासपोर्ट आकाराचा फोटो पाठवावा आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची मंजुरी लागेल.

फोटो पाठवलाय. बी ५०३ ची मंजुरी अजून आलेली नाही. गीझर तापत नाही, असा मेसेज मात्र आलाय.