लॅक्टिक आम्लावरचा आळ

गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर पहाटे धावणाऱ्या आमच्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश महिन्याकाठी एकदा तरी फिरून येतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: प्राणवायू कमी पडला की स्नायूंत लॅक्टिक आम्ल नावाचे विष तयार होते; ते दोन दिवस तिथेच साचून अंग दुखवते; मालिश करून आणि लिंबू-सोडा पिऊन ते बाहेर काढावे; तोवर दही-ताक वर्ज्य करावे; आणि रक्तात ते वाढलेले आढळले, तर कर्करोगाची चाहूल समजून घरीच खाण्याच्या सोड्याचे पाणी सुरू करावे. यातला शेवटचा सल्ला जिवावर बेतू शकतो, म्हणून हा प्रतिवाद लिहावा लागत आहे.

प्राणवायू कमी पडल्यावरच हा पदार्थ बनतो, हे मुळात खरे नाही. (शरीरात हे आम्ल जवळजवळ पूर्णपणे लॅक्टेटच्या रूपात असते, म्हणून पुढे तोच शब्द वापरतो.) तांबड्या रक्तपेशींचे कामच प्राणवायू वाहण्याचे, पण त्यांच्यात मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतले भाग, नसल्यामुळे त्या अखंड लॅक्टेट तयार करीत राहतात. निवांत बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातही दिवसाकाठी सुमारे 1500 मिलिमोल, म्हणजे सव्वाशे ग्रॅमहून अधिक लॅक्टेट बनते आणि तितकेच वापरले जाते. त्यामुळेच रक्तातली पातळी लिटरमागे 1 मिलिमोलच्या आसपास राहते.

गैरसमजाचे एक मूळ 1907 सालच्या एका चांगल्या प्रयोगात आहे, हे मात्र संदेश लिहिणाऱ्याला ठाऊक नसावे. केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स या शास्त्रज्ञांनी बेडकाचे कापून काढलेले स्नायू उत्तेजित केले, तेव्हा प्राणवायूविना त्यांत लॅक्टिक आम्ल साचत गेले आणि प्राणवायूत ठेवल्यावर ते कमी झाले. निरीक्षण चोख होते. पण कापलेल्या स्नायूला रक्ताभिसरण नसते, त्यामुळे तयार झालेला पदार्थ दुसऱ्या कुठल्या अवयवाच्या कामी येतो का, हे त्यात दिसणे शक्यच नव्हते. 1929 पर्यंत कार्ल आणि गर्टी कोरी या शास्त्रज्ञ दांपत्याने दाखवून दिले की यकृत या लॅक्टेटपासून पुन्हा ग्लुकोज बनवते, आणि 1985 मध्ये अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉर्ज ब्रुक्स यांनी त्याहून व्यापक मांडणी केली: एका स्नायूत तयार झालेले लॅक्टेट शेजारच्या स्नायूत, हृदयात आणि मेंदूत इंधन म्हणून जळते. जोराच्या व्यायामात तर हृदय त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर करते. जे जाळून हृदय चालते, त्याला विष म्हणणे चमत्कारिकच आहे.

आता दुखण्याविषयी. पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर पायी चढून जाणाऱ्यांनी स्वतःचाच अनुभव तपासावा. चढताना धाप लागते, मांड्या पेटतात; लॅक्टेट वाढते ते तेव्हा. उतरताना श्वास शांत असतो, गप्पा चालतात, आणि तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावे लागते ते या उताराचे देणे असते. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावून शरीराचा भार पेलतो. त्यात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि तिच्यामागून येणारी सूज 24 ते 72 तासांत सर्वाधिक दुखते. 1983 मध्ये हे मोजूनही पाहिले गेले: सपाटीवर धावलेल्यांचे लॅक्टेट वाढले पण पाय नंतर दुखले नाहीत, उतारावर धावलेल्यांचे पाय दुखले, पण लॅक्टेट वाढलेले नव्हते. शिवाय दमछाक करणाऱ्या धावेनंतरही रक्तातले लॅक्टेट साधारण तासाभरात मूळ पातळीला येते. जे त्याच सकाळी निघून गेले, ते परवा कसे दुखवील?

धावतानाची जळजळ तरी त्याचीच ना, असे कोणी विचारील. त्यात अर्धे सत्य आहे. 2014 मध्ये स्वयंसेवकांच्या अंगठ्याच्या स्नायूत लॅक्टेट, आम्लता आणि एटीपी (पेशींना ऊर्जा पुरवणारा रेणू) हे एकेकटे सोडले तेव्हा विशेष काही जाणवले नाही. तिन्ही एकत्र सोडले तेव्हा मात्र थकवा आणि दुखणे जाणवले. मॅकआर्डल या आनुवंशिक विकाराचे रुग्ण तर स्नायूंत साठवलेली साखर (ग्लायकोजेन) वापरूच शकत नाहीत, त्यामुळे व्यायामात त्यांचे लॅक्टेट वाढत नाही, आणि तरीही थोड्या श्रमाने त्यांचे स्नायू दुखतात व आखडतात.

मालिशने बरे वाटते, ते जरूर करावे, पण लॅक्टेट उतरवायचे असेल तर धाव संपल्यावर आडवे होण्यापेक्षा हळूहळू चालत राहणे अधिक उपयोगी. लिंबू-सोडा तहान भागवतो, एवढेच. दही-ताकातले लॅक्टिक आम्ल पोटातून स्नायूंत जाऊन साचत नाही. जेवणानंतरचे ताक खुशाल प्यावे.

कर्करोगाच्या भीतीमागे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांचे 1920 च्या दशकातले निरीक्षण आहे. अनेक गाठींच्या पेशी प्राणवायू असतानाही भरपूर लॅक्टेट तयार करतात, आणि ते गाठीभोवतीच्या रोगप्रतिकारक पेशींना मंदावते, हे खरे. पण धावण्याने वाढलेल्या लॅक्टेटमुळे कर्करोग होतो, असे त्यातून निघत नाही. उलट नियमित व्यायाम करणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या आणि स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आढळते.

विश्रांतीत असलेल्या रुग्णाचे लॅक्टेट वाढलेले असेल, तर त्याचा अर्थ बहुधा निराळाच असतो. पावसात लेप्टोस्पायरोसिससारख्या संसर्गाने माणूस गंभीर आजारी पडला, तर रक्तदाब खालावतो, ऊतींना प्राणवायू पुरत नाही, ॲड्रेनॅलिनच्या माऱ्याखाली ग्लुकोजचे विघटन वेगाने होते आणि यकृताकडून लॅक्टेटचा निचरा मंदावतो. 2016 च्या व्याख्येनुसार पुरेसे द्रव देऊनही रक्तदाब टिकवायला औषध लागत असेल आणि लॅक्टेट लिटरमागे 2 मिलिमोलच्या वर असेल, तर तो सेप्टिक शॉक, म्हणजे संसर्गातून ओढवलेली जीवघेणी अवस्था होय. अशा माणसाला घरी सोड्याचे पाणी पाजत बसणे म्हणजे प्रतिजैविके द्यायचे तास दवडणे. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेह्यांत क्वचित लॅक्टेट धोकादायक वाढते. तिथेही डॉक्टरच गाठावा लागतो. आणि रुग्णालयात पोहोचल्यावर रुग्णाच्या शिरेतून पुष्कळदा जे सलाईन दिले जाते, त्या बाटलीवर ‘रिंगर लॅक्टेट’ असे छापलेले असते: तिच्यात लिटरमागे सुमारे 28 मिलिमोल लॅक्टेट मुद्दाम घातलेले असते.