पंधरा दिवसांत टीएसएच का उतरलं नाही: ऐरोलीच्या ताईंना उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. आज सकाळी तलावपाळीला फेरी मारताना तीच डोक्यात घोळत होती, म्हणून घरी आल्याआल्या लिहायला बसले.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. पिट्युटरी ही मेंदूखालची छोटी ग्रंथी. ती टीएसएच हे हार्मोन सोडून गळ्यातल्या थायरॉइडला थायरॉक्सिन बनवायला लावते, आणि थायरॉक्सिन कमी पडलं की टीएसएच वाढतं. तिच्यावरच्या माझ्या लेखात एक वाक्य होतं: 'थायरॉक्सिन रक्तात आलं की पिट्युटरीच्या पेशीतलं टीएसएचचं जनुक बटण दाबल्यासारखं बंद होतं.' ताईंच्या आईंना नुकतीच थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली आहे. पंधरा दिवसांनी घरच्यांनी आपणहून तपासणी केली, तर टीएसएच अजून वरच. माझं वाक्य वाचून आईंनी 'गोळी लागू पडत नाही, दोन घेते' असा हट्ट धरला. ताई लिहितात, 'सोपं करण्याच्या नादात तुम्ही चुकीचं लिहिलंत. जनुक वगैरे काही बंद होत नाही, पेशीत साठलेलं हार्मोनच बाहेर येत राहतं.'

पहिला आरोप मला मान्य आहे. 'बटण' हा शब्द चुकलाच, आणि त्यापायी एखादी आजी दुप्पट गोळी घेऊ पाहते हे वाचून मला फार वाईट वाटलं. दुसरं म्हणणं मात्र मान्य नाही, कारण तिथे खरं कारण हातातून निसटतं.

टीएसएचच्या पेशीला थायरॉक्सिनची खबर लागायला वेळ लागत नाही. थायरॉक्सिन, म्हणजे टी४, पेशीत शिरतं, तिथलं एक विकर (एन्झाइम) त्याचं टी३ करतं, आणि टी३ केंद्रकातल्या आपल्या ग्राहकाला, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. हा ग्राहक टीएसएचच्या जनुकाची नक्कल, म्हणजे हार्मोन बनवण्यासाठी लागणारी प्रत, निघणं रोखतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत टी३ दिल्यावर ही नक्कल काही तासांतच घटलेली दिसते. तयार झालेलं टीएसएचही रक्तात फार टिकत नाही, तासाभरात निम्मं होतं. म्हणजे पंधरा दिवसांचा उशीर जुन्या साठ्याच्या माथी मारता येत नाही.

उशीर होतो तो गोळीकडून. टी४ शरीरातून निम्मं व्हायला सुमारे ७ दिवस लागतात. त्यामुळे रोज तेवढीच गोळी घेतली तरी रक्तातली पातळी हळूहळू चढते आणि स्थिरावायला पाचेक आठवडे जातात. पंधराव्या दिवशी आपण जेमतेम तीन चतुर्थांश वाटेवर असतो. त्यात पिट्युटरी या बाबतीत अतिशय हळवी: टी४ थोडं कमी पडलं तरी टीएसएच कित्येक पटींनी वर राहतं. पेशीला अजून पुरेसा निरोप पोचलेला नाही, एवढाच आईंच्या रिपोर्टचा अर्थ. म्हणून तर डॉक्टर ६ ते ८ आठवड्यांनी तपासायला सांगतात. गोळी दुप्पट करू देऊ नका, वयस्कर माणसाच्या हृदयावर त्याचा ताण येतो.

आता 'बटण' का चुकलं तेही सांगते, कारण खरी गोष्ट त्या शब्दापेक्षा कितीतरी सुंदर आहे. टीएसएचचं जनुक तुमच्या त्वचेच्या पेशीतही आहे, पण तिथे ते कायमचं मिटलेलं असतं. पिट्युटरीत ते वापरात येतं याचं एक मोठं कारण म्हणजे पिट-१ नावाचं प्रथिन, जे १९८८ मध्ये सापडलं. वाढीचं हार्मोन, दूध आणणारं प्रोलॅक्टिन आणि टीएसएच, तिघांच्याही जनुकांना ते लागतं. जन्मतः पिट-१ बिघडलेलं असेल तर तिन्ही एकदम कमी पडतात. मग प्रोलॅक्टिनच्या पेशीत पिट-१ असूनही वाढीचं हार्मोन का बनत नाही? २००० साली उंदरांवरच्या कामातून याचं जे उत्तर आलं, ते आठवलं की मी आजही थक्क होते. वाढीच्या हार्मोनच्या जनुकावर पिट-१ जिथे बसतं, तिथे डीएनएची दोनच अक्षरं जास्त आहेत. त्या दोन अक्षरांच्या अंतरामुळे पिट-१ तिथे वेगळ्या ठेवणीत बसतं आणि प्रोलॅक्टिनच्या पेशीत जनुक दाबणाऱ्या प्रथिनांना बोलावून घेतं. ती दोन अक्षरं काढली, तर दाबलेलं जनुक त्या पेशींत बोलू लागतं.

चालू जनुकही एकसारखं चालत नाही. प्रोलॅक्टिनच्या जनुकाच्या नियंत्रक भागाला काजव्याच्या प्रकाशाचं जनुक जोडून शास्त्रज्ञांनी जिवंत पेशी तासन्‌तास पाहिल्या, तर प्रत्येक पेशी आपापल्या वेळी उजळत होती आणि विझत होती. रक्तात आपण मोजतो ती अशा असंख्य पेशींची बेरीज. एलएच आणि एफएसएच ही पिट्युटरीची प्रजननाची हार्मोन्स बनवणाऱ्या पेशींना तर निरोपाची लयही कळते. मेंदूकडून येणारं जीएनआरएच हे हार्मोन तासातासाने ठोक्यांनी आलं तर त्या काम करतात, सलग ओतलं तर गप्प होतात. हे १९७८ मध्ये माकडांवर दिसलं, आणि प्रोस्टेट कॅन्सरची काही इंजेक्शनं याच गुणावर चालतात.

मूळ लेखातलं ते वाक्य मी आज बदललं आहे. आता तिथे असं आहे: 'थायरॉक्सिनची पातळी जसजशी चढेल तसतशी टीएसएचच्या जनुकाची नक्कल कमी होत जाते, गोळी सुरू केल्यावर हे दिसायला काही आठवडे लागतात.' खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेखही केला आहे. आईंना गोळी रोज ठरलेल्या वेळी, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायला सांगा. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर ती चार तासांनी. पुढची तपासणी डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेलाच करा, आणि रिपोर्ट आला की मला नक्की कळवा.