होळी झाली म्हणून फुलझाडं उपटू नका

फाल्गुन लागला की गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, मजकूर तोच असतो: ‘विदर्भात वसंत नसतोच. होळी झाली की घरची फुलझाडं काढून टाका. उन्हात ती मरणारच, मरेपर्यंत पाणी पितील, आणि मोगरा-रातराणी दारात असली तर साप येतील. त्यापेक्षा भाजी लावा.’ आमच्या वर्धेकडे हा मेसेज वाचून बायांनी चांगली धरलेली झाडं उपटलेली मी पाहिली आहेत. म्हणून एकेका गोष्टीला उत्तर देते.

वसंत नसतो म्हणणाऱ्याने धुऱ्यावरचा पळस बघावा. अंगावर पान नसताना तो फाल्गुनात पेटतो, आणि त्याला कोणी तांब्याभर पाणी घातलेलं नसतं. पुढे चैत्र-वैशाखात बहावा आणि चाफा. आपला वसंत कोरडा आणि तापलेला असतो, पण असतो. गोंधळ होतो तो हिवाळी रोपांमुळे. नर्सरीतून आणलेला पिटुनिया, दिवाळीची शेवंती मार्चमध्ये मान टाकतात, आणि लोक समजतात की सगळीच फुलं गेली. ती थंडीचीच झाडं आहेत, त्यांचं काम झालं.

मोगऱ्याचं याच्या अगदी उलट आहे. तो उन्हामुळे फुलतो. थंडीत तो सुस्त पडतो. त्याच वेळी, पौष-माघात, त्याचं पाणी तोडायचं, पानं झडू द्यायची, मग फांद्या छाटून बुडाशी कुजलेलं शेणखत घालायचं आणि पुन्हा पाणी सुरू करायचं. कळी नव्या फुटीवर येते, जुन्या काडीवर नाही. छाटणी टाळली की झाड नुसतं पानांनी माजतं. सावलीत ठेवलं तरी तेच होतं. दिवसाचे पाच-सहा तास त्याला ऊन हवंच. ही निगा राखली तर चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो त्या दिवसांतही संध्याकाळी कळ्या उमलतात.

उन्हात मरतं ते बहुधा कुंडीतलं मूळ. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतलं रोप पश्चिमेच्या भिंतीशी ठेवलं की दुपारी माती भाजून निघते. कुंड्या पूर्वेला हलवा, एकमेकींना खेटून ठेवा, वर पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, हलका मांडव करा. बुडाशी तुरीचं किंवा हरभऱ्याचं कुटार (भुसा) चार बोटं पसरा. नुसती काळी माती कुंडीत कधी भरू नका. ओली असताना ती चिकटून बसते, वाळली की भेगा पडतात आणि मुळं तुटतात. तिच्यात रेती आणि शेणखत मिसळा. एवढंही करायला सवड नसेल तर सदाफुली, चिनी गुलाब आणि बोगनवेल लावा. चिनी गुलाबाची पानं पाणी साठवून ठेवतात, आणि बोगनवेल तर माती थोडी कोरडी राहिली तरच जास्त फुलते.

पाण्याचा मुद्दा खरा आहे. ज्या गावात टँकर येतो तिथे फुलांसाठी पिण्याचं पाणी ओता, असं मी कोणालाही सांगणार नाही. पण हिशोब तरी नीट करा. मोगऱ्याच्या एका मोठ्या कुंडीला ऐन उन्हाळ्यात दिवसाला लिटर-दोन लिटर पुरतं, आणि तांदूळ-डाळ, भाजी धुतलेलं पाणी तेवढं प्रत्येक घरात निघतं. कूलरच्या टाकीत आपण रोज बादल्या ओततो, त्यावर मेसेज फिरत नाही. कपड्याच्या पावडरचं पाणी मात्र झाडांना नको. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर आणखी जपावं लागतं. तिथे बोअरच्या खाऱ्या पाण्याने मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपतात. कूलरमध्ये उरलेलं पाणी त्याहून वाईट, कारण पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच राहतात. अशा गावात कण्हेर आणि बोगनवेल टिकतात, पण कण्हेर विषारी आहे; लेकरं आणि बकऱ्या पोचतील अशा जागी ती लावू नका. कुंडीखालच्या ताटल्या आणि कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून वाळवा, म्हणजे डासांच्या अळ्या होत नाहीत.

आता साप. मेसेजमधली सर्वांत जास्त पसरलेली आणि सर्वांत जास्त नुकसान करणारी गोष्ट हीच आहे. भीती खोटी नाही. नाग, मण्यार, घोणस आपल्या शेतशिवारात आहेतच. पण साप वासामागे जातो तो भक्ष्याच्या. जीभ बाहेर काढून तो हवेतले कण टिपतो आणि उंदीर, बेडूक, पाल कुठे आहे ते शोधतो. मोगऱ्याचं अत्तर त्याच्या काय कामाचं? आमच्याकडची एक म्हातारी एका वाक्यात सांगते, ‘साप मोगऱ्यासाठी नाही येत बाप्पा, उंदरासाठी येते.’ उंदीर असतात इंधनाच्या ढिगात, गोवऱ्यांच्या उडवीत, घरात पडलेल्या धान्याच्या पोत्यांमागे. मोगरा उपटून लोक निर्धास्त होतात आणि पऱ्हाटीचा ढीग न्हाणीला टेकून तसाच राहतो. तो आधी घरापासून दूर न्या. झाडाच्या खालच्या फांद्या वीतभर छाटा, म्हणजे बूड उघडं दिसेल. दाट झुडपात कोणताही जीव दडू शकतो, त्याला सुवास लागत नाही. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, कधी कधी चावलेलं कळतही नाही. म्हणून अंगणात बाजेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपा, उठताना टॉर्च लावा. चावलाच तर थेट सरकारी दवाखाना गाठा, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.

राहिली भाजी. ती लावाच, पण फुलं काढून नको. काकडी, कारलं, भोपळा यांची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मधमाशीसारख्या किड्याने पराग नेला नाही तर बारकं फळ पिवळं पडून गळतं, आणि आपण रोग समजून फवारणी करतो, त्याने उरलेल्या माश्याही मरतात. चिनी गुलाबाचा, झेंडूचा एक वाफा वेलांशेजारी असला की माश्या परसात येत राहतात. आणि समजा काहीच उपयोग नसता, तरी दिवसभर वखरामागे किंवा चुलीपुढे तापलेल्या माणसाला संध्याकाळी ओंजळभर मोगरा मिळावा, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

सदाफुलीची रोपं घराभोवती आपोआप उगवलेली असतील; ती संध्याकाळी मातीसकट उचलून हव्या त्या जागी लावा आणि दोन-तीन दिवस सावली करा. मोगऱ्याचं नवं कलम मात्र चैत्रात आणू नका, जमिनीत धरायला त्याला पाऊस लागतो. खड्डा आता खणून तापू द्या, कलम मृगानंतर लावा.