निक आदर्श? छे!

लेखात ‘हार्टस्टॉपर’ या नेटफ्लिक्स मालिकेतल्या निक नेल्सनला ‘फारच आदर्श बॉयफ्रेंड’ म्हटलंय, ते काही पटलं नाही. २०२४चा तिसरा सीझन बघा ना. बॉयफ्रेंड चार्ली नीट जेवत नाही हे निकला कळतं, पण करायचं काय हे कुठे ठाऊक असतं? रग्बी खेळणारा हा दांडगा पोरगा पार गांगरून जातो. स्पेनच्या मेनोर्का बेटावर सुट्टीला गेला तरी जीव टांगणीलाच. शेवटी डायन आंटीपाशी मन मोकळं करतो. ती मानसोपचारतज्ज्ञ, नुसत्या प्रेमाने असला आजार बरा होत नाही, हे ती त्याला समजावते. (एरवी मालिकांत नायकाने हाताने घास भरवला की काम झालं!) पुढे चार्ली क्लिनिकमध्ये, आणि निकच्या हाती फक्त वाट बघणं. निक साकारणाऱ्या किट कॉनरने ती घालमेल नुसत्या डोळ्यांतून दाखवलीय.